दही खाण्यात मोजत नाहीत

माझी मुलगी सोळा वर्षांची असताना तिला शॉक दिले गेले आणि त्या कागदावर सही माझी आहे. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकते. चार वर्षांपूर्वी मी ते सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. अमरावतीत, आमच्या कॉलनीत सांगितलं होतं की पोरगी मामाकडे अकोल्याला नीटच्या क्लासला गेली आहे. लोकांना ते इतकं पटलं की शेजारच्या बाईंनी क्लासचं नाव विचारलं, त्यांनाही मुलाला पाठवायचं होतं. मी म्हटलं, बॅच भरली.

मी वलगावच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. माझा स्वभाव तापट आहे यावर माझे विद्यार्थी आणि माझं सासर यांचं एकमत आहे. मुलीचे बाबा शांत. धामणगावला त्यांचं बी-बियाणाचं दुकान आहे. रोज बडनेऱ्याहून गाडीने जातात, संध्याकाळी येतात, मधल्या वेळात काही बिघडलं तर ते मी निस्तरायचं असा आमचा अलिखित करार. त्यामुळे मुलीचं बिघडलं तेव्हा तेही मीच निस्तरायला निघाले, आणि आधी चुकीचंच निस्तरलं.

अकरावीची पहिली परीक्षा झाली आणि ती झोपेनाशी झाली. केस विंचरायची नाही, आंघोळ टाळायची, पुस्तक उघडून एकाच पानाकडे तासन्‌तास बघायची. मला वाटलं, नाटक आहे. मोबाईल काढून घेतला, फरक नाही. एक दिवस ती म्हणाली, "आई, माझं पोट आतून सडून गेलं. जेवण कुठं जाऊन राहिलं, समजत नाही." मी तिच्या थोबाडीत मारली. तिने गालाला हातसुद्धा लावला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलं पंधरा दिवसांनी, जेव्हा ती बोलायचीच थांबली.

बोलणं गेलं, मग जेवण गेलं, मग हालचाल गेली. पलंगावर जशी बसवली तशी बसून राहायची. कपडे बदलताना हात वर केला तर तो वरच राहायचा, आपण खाली आणेपर्यंत. अमरावतीत दाखवायचं म्हटलं तर दवाखान्याच्या पायरीवरच माझ्या ओळखीचे दहा पालक भेटणार. म्हणून भावाकडे अकोल्याला नेली. तिथल्या एका खासगी दवाखान्यात गेलो, तर बाकावर पहिल्याच दिवशी आमच्याच कॉलनीतल्या, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बाई बसलेल्या. सोबत त्यांचे यजमान, नजर जमिनीवर. आम्ही दोघींनी एकाच वेळी मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं. पुढे कळलं की अकोल्याची मंडळी याच कामासाठी अमरावतीला जातात. म्हणजे एसटीला तेवढा फायदा.

दवाखान्यात दाखल करून घेतलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. चौथ्या दिवशी नाकातून नळी घातली, कारण तोंडात घातलेली पेज गालातच राहायची आणि मग ओठातून बाहेर यायची. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. आठवड्याने त्यांनी आम्हा दोघांना बसवलं आणि सांगितलं की औषधं लागू पडत नाहीत, वजन उतरतंय, आता शॉकचा विचार करावा असं मला वाटतं.

तिचे बाबा उठून उभेच राहिले.

आम्हाला दोघांना शॉक म्हटलं की सिनेमातलंच माहीत होतं. चार माणसांनी धरून ठेवलेला, किंचाळणारा माणूस. डॉक्टरबाईंनी तसं काही नसतं हे चिडून सांगितलं नाही, समजावून सांगितलं. भूल देतात, स्नायू सैल पडायचं औषध देतात, मग डोक्याला थोडा वेळ करंट. त्याने मेंदूत मिरगीसारखा झटका येतो, तो मिनिटभरात संपतो. अंग नुसतं थरथरतं. उठल्यावर डोकं दुखतं, काही दिवसांचं विसरायला होतं, कधी काही महिन्यांचंही, त्यातलं काही परत येतं, काही येत नाही. "जीव जाईल का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भूल म्हटली की थोडी जोखीम असते. पण तुमची मुलगी आज ज्या स्थितीत आहे, तिथे काही न करण्याची जोखीम मोठी आहे." मला त्या बाई आवडल्या. गणिताच्या माणसाला असं उत्तर आवडतं.

पण अठरा वर्षांखालच्या मुलांना हा उपचार नुसत्या आईबापाच्या सहीवर देता येत नाही. मानसिक आरोग्याचं मंडळ असतं, त्याची आधी परवानगी लागते. कागद वर गेले. आमच्या सह्या झाल्या होत्या, आधी माझी, मग खाली तिच्या बाबांची. ते कागद पुन्हा पहिल्यापासून वाचत होते आणि मी "करा ना लवकर" असं म्हटलं होतं. परवानगी यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस मी नळीतून पातळ वरण, दूध आणि ताक सोडत बसले. सिरींज धरून धरून अंगठा दुखायचा.

या अकरा दिवसांत सासूबाईंचा रोज फोन. त्यांचं म्हणणं, पोरीला बाहेरचं झालं आहे. त्यांच्या भावाने उतारा करणाऱ्या एका ठिकाणी बोलून ठेवलं होतं, गाडीही सांगून ठेवली होती. मी फोनवर भांडले, मग त्यांनी मला फोन करणं सोडलं आणि मुलाला करायला सुरुवात केली. परवानगी आली त्या संध्याकाळी तिचे बाबा माझ्याशी नजर न मिळवता म्हणाले, "उद्या झालं तर झालं. नाही झालं, काही अडलं, तर मी तिले घेऊन जातो. मले आता सहन होऊन नाही राहिलं." मी म्हटलं, काही अडणार नाही.

सिस्टरने सांगितलं होतं, रात्री दहानंतर नळीतून काही नाही, तोंडातून काही नाही, पाणीसुद्धा नाही. मी काटेकोर माणूस आहे. पाण्याची बाटली उचलून खोलीबाहेर ठेवली. सिरींज धुऊन कपाटात ठेवली. रात्री दहा वाजता नळीचं तोंड स्वतः बंद केलं.

सकाळी सातला वहिनी आली. माझ्या भावाची बायको, फार भली बाई, इतके दिवस दोन वेळचा डबा तिचाच. तिच्या हातात स्टीलची झाकणाची वाटी होती. "दही-साखर आणली जी," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या कामाले पोरगी निघाली, हातावर दही नको का?" मी वाटी घेतली. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. परीक्षेला जाताना, गावाला जाताना, मुलाखतीला जाताना घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही पडतंच. मी माझ्या मुलीच्या तळहातावर पहिलीपासून दही ठेवत आले आहे. उपासाच्या दिवशीही ठेवलं आहे. आमच्याकडे दही खाण्यात मोजत नाहीत.

मी तिचा उजवा हात धरला, तळवा वर केला, तो तसाच राहिला. त्यावर चमचाभर दही ठेवलं. मग आम्ही दोघी बघत राहिलो, कारण हात हलायला लागला. अगदी हळू. हात तोंडापाशी गेला आणि तिने दही चाटलं, आणि गिळलं. मी तिच्या गळ्यावर बोट ठेवून पाहिलं, गिळलंच. दाखल केल्यापासूनच्या एकोणीस दिवसांत तिने आपणहून केलेली ही पहिली गोष्ट होती. वहिनी पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही रडले. तिचे बाबा खाली चहा प्यायला गेले होते, म्हणून मी ते आनंदाने सांगायला थांबून राहिले.

ते यायच्या आत सिस्टर फॉर्म घेऊन आली. "रात्रीपासून काही खाल्लं-प्यालं?" मी म्हटलं, "नाही." खोटं बोलले असं मला वाटलंच नाही. मी मनापासून नाही म्हटलं होतं.

स्ट्रेचरवरून तिला खालच्या मजल्यावर नेलं. दाराशी भूल देणारे डॉक्टर उभे होते, तरुण, मास्क लावलेले. त्यांनी पुन्हा विचारलं, "पाणी? चहा? बिस्किट? औषधाची गोळी?" प्रत्येकाला मी नाही म्हटलं. दह्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. आणि मग मला तिच्या दवाखान्याच्या गाऊनच्या गळ्यापाशी पांढरा डाग दिसला. मी ओढणीने तो पुसला.

पुसल्यावर मला कळलं की मी काय करतेय. दही सांडलं म्हणून पुसलं नव्हतं, कुणाला दिसू नये म्हणून पुसलं होतं. मागे तिचे बाबा होते, त्यांचे कालचे शब्द माझ्या कानात होते. सांगितलं की आजचं रद्द. आजचं रद्द की गाडी दारात. चमचाभर दही, असं मी स्वतःला म्हटलं. वर्गात एखादा पोरगा "एकच मार्क तर आहे मॅडम" म्हणतो, अगदी त्या सुरात. त्या पोरांना मी काय उत्तर देते ते मला पाठ आहे.

"सर," मी म्हटलं, "तिने दही खाल्लंय. तासाभरापूर्वी. मी दिलं."

त्यांनी मास्क खाली केला. "मॅडम, तुम्ही शिक्षिका ना?"

"हो."

"काय शिकवता?"

"विज्ञान," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

ते ओरडले नाहीत. भुलीत पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात जातं, थोडं असलं तरी, आणि सांगितलं नसतं तर आजचा दिवस आपण दोघेही आयुष्यभर विसरलो नसतो, एवढंच म्हणाले. स्ट्रेचर वळवायला सांगितलं. या उपचाराचे त्यांचे वार ठरलेले होते. पुढचा वार दोन दिवसांनी.

तिच्या बाबांनी तिला पलंगावर ठेवलं आणि ते जिना उतरून गेले. मी तिची पिशवी भरायला घेतली. खरंच घेतली. ते गाडी बोलावणार, मी भांडणार, आणि या वेळी मी हरणार, कारण चूक माझी होती, हे मला दिसत होतं. वहिनी कोपऱ्यात वाटी हातात धरून उभी होती आणि "माझ्यानंच झालं जी" म्हणत होती. मी तिच्यावर खेकसले, की तू आणलंस, भरवलं मी. ते तिला शांत करायला म्हटलं होतं, पण माझ्या आवाजात ते तसं आलं नाही.

तासाभराने ते वर आले. डॉक्टरबाईंकडे जाऊन आले होते. जो प्रश्न माझ्या मनात होता आणि जो विचारायची मला भीती वाटत होती, तो त्यांनी विचारला होता: पोरीने आपल्या हाताने खाल्लं, तर आता शॉकची गरज आहे का? डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की हे चांगलंच आहे, संध्याकाळपर्यंत वाट पाहू, पुन्हा खाल्लं तर पुन्हा विचार करू. आम्ही संध्याकाळपर्यंत दर तासाला काही ना काही तिच्या हातावर ठेवलं. केळ्याचा तुकडा, बिस्किट, पुन्हा दहीसुद्धा. हात तिथेच राहिला.

सात वाजता त्यांनी आईला फोन लावला. मी ऐकत होते. "गाडी नको," ते म्हणाले. पलीकडून बरंच बोलणं झालं. मग ते म्हणाले, "आई, त्यांनी परत पाठवलं आमाले. चमचाभर दह्यासाठी परत पाठवलं. ज्याले कसं बी करून शॉकच द्यायचे असते, तो परत पाठवते का?" आणि फोन ठेवला. माझ्या अकरा दिवसांच्या भांडणाने जे झालं नव्हतं, ते माझ्या चुकीने झालं. मला त्याचा आनंद झाला आणि थोडा रागही आला. पिशवीतले कपडे मी पुन्हा कपाटात लावले.

दोन दिवसांनी पहिला शॉक झाला. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. आम्ही बाकावर बसलो होतो, तिचे बाबा भिंतीवरची सूचना पुन्हा पुन्हा वाचत होते. ती बाहेर आली तेव्हा झोपेत होती, ओठाला थोडी सूज. मी काहीतरी होण्याची वाट पाहिली, काही झालं नाही. दुसऱ्यानंतरही नाही. तिसऱ्यानंतर दुपारी मी तिच्या पलंगाशेजारी दहावीचे पेपर तपासत बसले होते. ती म्हणाली, "आई, फॅन कमी कर."

मी उठलेच नाही. तिने दुसऱ्यांदा म्हटलं, थोडं वैतागून, आणि तो वैताग तिचा होता, आमच्या घराण्याचा. मग मी फॅन कमी केला.

एकूण आठ झाले. पाचव्यानंतर नळी काढली. सातव्यानंतर ती मामीने आणलेल्या डब्यातली झुणका-भाकरी खाताना "तिखट कमी आहे" म्हणाली. पुढे औषधं दोन वर्षं चालली, एक वर्ष शाळेचं गेलं, मध्ये एकदा पुन्हा घाबरवणारे दहा दिवस आले आणि गोळ्या बदलल्यावर निघून गेले. सगळं नीट झालं असं मी लिहीत नाही. ती परत आली, एवढं लिहिते.

आणि ती बरंच विसरली. त्या वर्षीची दिवाळी तिला आठवत नाही, मावसबहिणीचं लग्न आठवत नाही, अकरावीचं अर्धं रसायनशास्त्र गेलं. थोबाडीत मारलेली आठवत नाही. हे मला कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की त्याच आठवड्यात मी तिला सांगून टाकलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले आठवत नाही, तर तू कावून सांगून राहिली?" मी म्हटलं, तुझं आहे ते, तुला परत करतेय. तिने एक चादर झटकली. मग म्हणाली, "बरं, मग बाकीचं बी सांग."

मी सगळं सांगितलं. नळी, मंडळ, दही, गाडी. ती दह्याला हसली. मग तिने विचारलं, "आन्‌ शॉक द्यायच्या आधी मले विचारलं होतं तुमी?"

मी म्हटलं, "तू बोलतच नव्हती."

"बोलत नव्हती. ऐकून तर राहिली असन."

मी तपासणीला, सहीला, मंडळाला, सासूबाईंना, सगळ्यांना तोंड दिलं होतं. अकरा दिवस तिच्या पलंगाला चिकटून बसले होते. तिच्या देखत, तिच्या डोक्यावरून, आम्ही तिच्याविषयी तासन्‌तास बोललो होतो. पण तिच्याकडे वळून, तिचं नाव घेऊन, उद्या असं असं करणार आहेत, असं मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. विचारणं तर लांबच. शॉकचा निर्णय मी आजही तोच घेईन. त्या गच्चीवर मी तिला कपड्यांचे चिमटे देत राहिले.

ती अठरा वर्षांची झाली त्या महिन्यात तिने एक कागद लिहायला घेतला. डॉक्टरबाईंनीच तिला सांगितलं होतं, की आपण पुढे कधी बोलण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार करावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे सज्ञान माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. जेवणाच्या टेबलावर बसून तिने आपल्या हाताने लिहिलं. मग मला वाचायला दिलं. गरज पडली तर शॉक द्यावेत, असं तिने लिहिलं होतं. पुढचं वाक्य होतं: मी ऐकत नाही असं दिसलं, तरी मला आधी सांगावं. आणि त्याखाली, माझ्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, तिथे तिच्या बाबांचं नाव होतं.

मला लागलं. मी लपवलं नाही, मला ते जमतही नाही. "मी कावून नाही?" मी विचारलं. इतका राग आला होता की माझी भाषासुद्धा शाळेची राहिली नाही.

"तू भांडशील," ती म्हणाली. "माझ्यासाठी सगळ्यांशी भांडशील, मले माहीत आहे. पण बाबांले भेव लागते. ज्याले भेव लागते, तो दोनदा विचारते."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्यांच्या जागा होत्या. एकीवर तिला माझी सही हवी होती. मी पेनासाठी हात पुढे केला, पण तिने पेन दिला नाही. "चालते ना तुले?" तिने विचारलं. मी तिच्या बाबांच्या नावाची ओळ पुन्हा एकदा वाचली. मी हो म्हणेपर्यंत ती थांबून राहिली.